लॅबचं पिल्लू घ्यायचंय (फोंडा, गोवा): विकणाऱ्याला काय विचारावं? आणि चिऱ्यांच्या घरातल्या गोचिडांचं काय?

नागझरी (फोंडा)

नमस्कार मंडळी. घरी लॅब्राडॉर आणायचं चाललंय. घर जुनं, चिऱ्यांचं. पुढे बलकांव (बसायचा ओटा), मागे थोडंसं कुळागर (पोफळी-माडांची बाग). कंपाउंड आहे, पण फाटकाखाली मांजर सहज जाईल एवढी फट. माणसं पाच, त्यांत दोन मुलं, ९ आणि ६ वर्षांची. आई दिवसभर घरी असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ही जाहिरात आलीय: "लॅब पपीज, ४० दिवस, हेवी बोन, पंच फेस. पेपरशिवाय एक दर, केसीआय पेपरसह ५,००० जास्त. मडगाव बसस्टँडवर डिलिव्हरी." पिल्लांच्या आईबापाचे फोटो मागितले तर कुठल्याशा डॉग शोमधला एकच फोटो आला.

१. असल्या जाहिरातीतलं पिल्लू घ्यावं की नाही, हे कशावरून ठरवायचं?
२. मादी घेतली तर "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" म्हणतात. खरं का?
३. चिऱ्यांच्या भिंतीत गोचीड घर करतात म्हणे. उपाय?
४. घरचं शीत-कडी (भात-आमटी) चालेल का?
५. धाकट्या भावाला पर्वरीच्या फ्लॅटमध्ये हस्की हवाय. त्याला काय सांगू?

दूधसागरी

पाचव्याचं आधी: नको म्हणून सांगा. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत ते पाणी फारसं उडत नाही. हस्कीला दुहेरी केस असतात, आणि ते भादरले तरी धापेचं गणित बदलत नाही, उलट कातडी उन्हाला उघडी पडते. चोवीस तास एसी आणि लाइट गेली की काळजी, असं बारा-चौदा वर्षं करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. पग आणि बुलडॉगचंही तेच, त्यांना तर मुळात श्वासच नीट घेता येत नाही.

आता तुमची जाहिरात. चार गोष्टींवर ती तिथल्या तिथे बाद होते.

४० दिवस. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ सालचे आहेत. त्यांत ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, म्हणजे ५६ दिवस पुरे व्हायला हवेत. हा आकडा उगाच नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू आईजवळ आणि भावंडांत खेळता खेळता शिकतं की दात किती जोरात लावले तर समोरचा ओरडतो आणि खेळ मोडतो. हा धडा अर्धवट राहिलेलं पिल्लू तुमच्या ६ वर्षांच्या मुलाच्या हातावर तो पुरा करतं. शिवाय याच सुमारास आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लसीची अजून तयार व्हायची असते. त्यात बसचा प्रवास, बदललेलं खाणं, नवं घर. पार्व्होची (आतड्यांचा जीवघेणा विषाणू) लागण झाली की लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांनी दिसतात. म्हणूनच "घेतलं तेव्हा छान खेळत होतं, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण" ही तक्रार एवढी ऐकू येते. विकणाऱ्याला मात्र पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर पिल्लांचं खाणं आणि लस अंगावर येते, म्हणून घाई.

पेपरसह ५,००० जास्त. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे (केसीआय) नोंद होते ती सगळ्या वेताची, आणि त्यासाठी आईबाप दोघंही नोंदलेले लागतात. एकाच वेतातल्या काही पिल्लांना पेपर आणि काहींना नाही, असं होत नाही. नाव बदलून घ्यायची थोडी फी वेगळी लागू शकते, पण दोन दर लावलेले असले की तो कागद बहुतेक दुसऱ्याच कुत्र्याचा. तपासायचा सोपा मार्ग: मायक्रोचिप. १५ आकडी नंबर असतो. पशुवैद्याच्या स्कॅनरनं वाचायचा आणि कागदाशी ताडून बघायचा. आणि कागद खरा निघाला तरी तो वंशावळ सांगतो, तब्येत नव्हे.

हेवी बोन, पंच फेस (जाड हाडं, आखूड तोंड). याला वैद्यकात काही अर्थ नाही. बऱ्याचदा ते जास्त खायला घालून फुगवलेलं पिल्लू असतं.

बसस्टँडवर डिलिव्हरी. म्हणजे पिल्लू जन्मलं ती जागा विकणाऱ्याला दाखवायची नाही. मी तर म्हणेन, पिल्लू बघायला जाऊच नका, त्याची आई बघायला जा. पिल्लं सगळीच गोड असतात. आई अंगावर धावून येते का, कोपऱ्यात दबून बसते का, तिच्या बरगड्या मोजता येतात का, अंगावर गोचीड आहेत का, ते बघा. स्वभाव बराचसा तिच्याकडूनच उतरतो. जागेला अमोनियाचा वास डोळ्यांत चुरचुरेल एवढा येत असेल तर मागे फिरा. एकाच ठिकाणी लॅब, पग, शित्झू, रॉटवायलर सगळंच "उपलब्ध" असेल तर तो पैदास करणारा नव्हे, दलाल.

विचारायचे प्रश्न:

राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का? असल्यास नंबर द्या. आईचं वय किती, हे कितवं वेत, आधीचं कधी? नियमाप्रमाणे १८ महिन्यांच्या आत किंवा ८ वर्षांनंतर तिच्यापासून वीण घ्यायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त नाही, आणि आयुष्यात पाचांवर नाही. आईबाप एकमेकांचे कोण? भाऊ-बहीण, सावत्र भावंडं, बाप-मुलगी असा मेळ नियमात बसत नाही. तीन पिढ्यांच्या कागदात एकच नाव वारंवार दिसलं तर विचारा.

लॅबपुरते आणखी तीन: दोघांच्या नितंबाचे आणि कोपराचे एक्स-रे, वयाची दोन वर्षं पुरी झाल्यावर काढलेले. पीआरए (हळूहळू आंधळेपणा आणणारा आजार) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर मागचे पाय कोलमडतात) यांची डीएनए चाचणी. आपल्याकडे हे करणारे थोडे, पण आहेत. नसेल केलं तर निदान आईबापाला मोकळं पळताना बघा. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत असेल तर नितंबात दोष असण्याची शक्यता मोठी.

आणि एक उलटं लक्षण: चांगला माणूस तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरी कोण असतं, फाटक कसं आहे, कुत्रं साखळीला बांधून ठेवणार का. "पुढे कधीही सांभाळणं जमलं नाही तर मलाच परत द्या" असं लिहून देतो. ज्याला फक्त गूगल पे नंबर पाठवायची घाई आहे, त्याला नमस्कार.

बार्देसवारा

लॅबच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. मुलांच्या घरात लॅब उत्तमच, पण पूर्ण वाढलेलं २५ ते ३६ किलोंचं जनावर आहे, आणि पहिली दोन वर्षं त्याला ब्रेक नसतो.

आसगाव, शिवोली, कुडचडे इथल्या प्राणी-निवाऱ्यांत गावठी पिल्लं असतातच, आणि कुणी परत केलेली जातिवंतही असतात. लहान मुलांच्या घरात दीड-दोन वर्षांचं मोठं कुत्रं मला जास्त पटतं. स्वभाव, आकार आणि मुलांशी वागणं सगळं समोर दिसतं, नशिबावर सोडायला लागत नाही. आपलं सुणं (गावठी कुत्रं) दमट हवेत रुळलेलं असतं, केस आखूड, कान उभे असल्यानं आत हवा खेळते. मुलांना घेऊन दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी जा. पहिल्याच भेटीत उचलून आणू नका.

रेबीजची लस मात्र कुठलंही कुत्रं घ्या, चुकवायची नाही. गोवा २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते घरोघर आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं लसीकरण चाललं म्हणून. ते थांबवलं तर पुन्हा जैसे थे. लसीचं कार्ड सांभाळून ठेवा, पालिकेत किंवा पंचायतीत नोंद करताना लागतं.

खुटीवरचापट्टा

(पशुवैद्यक. इथे औषधांचे डोस देणार नाही, ते वजन करून आणि जनावर बघूनच.)

गोचिडांवर जरा सविस्तर लिहितो. गोव्यात लॅबवाल्यांचा निम्मा खर्च आणि निम्मं रडणं यापायी असतं.

आपल्याकडे कुत्र्यावर मुख्यतः तपकिरी गोचीड असते. अंड्यातून बाहेर आली की कुत्र्यावर चढते, रक्त पिते, खाली उतरते, कात टाकते. पुन्हा चढते, पिते, उतरते. असं तीनदा. म्हणजे कुत्रं ही तिची खानावळ. राहायची खोली तुमच्या भिंतीत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी वर चढत जाते आणि एखाद्या फटीत एका दमात हजारो अंडी घालते. चिरा म्हणजे भोकांचाच दगड, आणि गिलावा नसलेली कंपाउंडची भिंत तर तिला आयती चाळच. त्यामुळे नुसतं कुत्र्याला शाम्पू लावून काही होत नाही. कुत्रं आणि घर, दोन्हीकडे एकदम सुरुवात करायची.

कुत्र्याला: आता पोटातून द्यायच्या गोळ्या आहेत. फ्लुरालानर साधारण १२ आठवडे पुरते, सॅरोलानर ३५ दिवस, अफॉक्सोलानर महिनाभर. सगळ्या वजनाच्या पट्ट्यांत येतात, म्हणून आधी वजन. मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांना देण्याची काटकसर करू नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं असेलच असं नाही. फ्लुरालानर जेवणाबरोबर दिली तरच नीट शोषली जाते. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. गोचीड चावल्यावरच गोळीनं मरते, तेव्हा गोळी दिल्यावरही अंगावर दोन-चार दिसतील. औषध फसलं असं नव्हे.

घराला: अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात. कुत्रं जिथे झोपतं त्याच्या आसपासची, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतची भोकं आणि फटी सिमेंट घालून बुजवायच्या. दरवाज्याच्या चौकटीमागे, खाटेच्या सांध्यांत बघा. मग फवारणी, पशुवैद्यानं सांगितलेल्या औषधाची आणि सांगितलेल्या प्रमाणात. वाळेपर्यंत कुत्रं बाहेर. घरात मांजर असेल तर आधी सांगा, परमेथ्रिन मांजराला मारक आहे. फवारणीनं अंडी मरत नाहीत, म्हणून २-३ आठवड्यांनी पुन्हा, आणि असं दोन-तीन महिने. लोक पहिल्या फवारणीनंतर थांबतात आणि महिन्याभरानं "पैसे पाण्यात गेले" म्हणतात.

हातानं काढायची तर चिमट्यानं, कातडीला टेकून, सरळ वर ओढून, स्पिरिटच्या बाटलीत. रॉकेल, तेल, पेटती काडी नको, त्रासलेली गोचीड पोटातलं आत सोडते. नखानं चिरडू नका. बघायच्या जागा: बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली.

आता तापाचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. गोचीड-तापात (एर्लिकिया, बबेसिया) खाणं सुटतं, ताप १०३ च्या वर जातो, हिरड्या फिक्या पडतात, नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके येतात, लघवी कॉफीसारखी होते. यातलं पहिलंच लक्षण दिसताच रक्त तपासा, प्लेटलेट्ससह. लॅबनं एक जेवण सोडलं म्हणजे काहीतरी आहेच. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लीन साधारण २८ दिवस चालतं. आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारतं म्हणून गोळ्या बंद केल्या तर आजार दबून राहतो आणि महिन्यांनी हाडांतली मज्जा सुकवून परत येतो. गोळी खाण्याबरोबर द्या, कोरडी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. बबेसियाला औषध वेगळं, म्हणून "गेल्या वेळचं उरलंय" हे चालणार नाही. आणि ताप आहे म्हणून माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन हात लावू नका.

पावसाळ्याचं थोडक्यात. कुळागर आहे म्हणजे उंदीर आहेत, उंदीर आहेत म्हणजे लेप्टो (त्यांच्या लघवीतून पसरणारा ताप). त्याची लस पहिल्यांदा दोनदा, २ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. पाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवायचं नाही, खाणं उरलं तर उचलायचं. लेप्टो माणसांनाही होतो, तेव्हा आजारी कुत्र्याची लघवी हातमोजे घालून धुवा. लॅबचे कान लोंबते, आत ओल धरते: फिरून आल्यावर कान आणि बेचकी कोरडी करा, आठवड्याला कान उलटून वास घ्या. आंबूस आला तर बुरशी. पहिल्या पावसात खडबडीत पाठीचा मोठा बेडूक तोंडात धरला की फेस येतो. पिल्लाचं डोकं खाली करून, हिरड्या ओल्या फडक्यानं पुसत, नळाच्या धारेनं बाजूनं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. पणजीत टोंकचं आणि मडगावजवळ सोनसोडोचं सरकारी पशुइस्पितळ ठाऊक असू द्या, आणि जवळच्या खाजगी डॉक्टरचा रात्रीचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

रांदचीकूड

खाण्याचं मी घेते.

शीत चालेल, कडी नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवून किंवा पूड करूनही फरक पडत नाही, आणि आपल्या कुठल्या कडीत ते नसतात? भात उकड्याचा असो वा सुरय (साध्या पांढऱ्या तांदळाचा), पचतो. पण भात आणि कोंबडी एवढ्यावर पिल्लू वाढवायचं म्हणजे हाडं कच्ची: मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. म्हणून काही जण वरून कॅल्शियमचं औषध घालतात, तेही तयार खाण्यावर. लॅबसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला ते घातकच, वाढीची हाडं वाकडी होतात. तयार पपी फूड ("लार्ज ब्रीड" लिहिलेलं) देत असाल तर वरून काहीच नको. घरचंच द्यायचं तर पशुवैद्याकडून मापं लिहून घ्या, अंदाजपंचे नको.

वेळा: चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार, सहापर्यंत तीन, पुढे दोन. विकणारा जे घालत होता तेच पहिला आठवडा, मग हळूहळू बदल.

मोठ्या कुत्र्याचं माप: ३० किलोच्या, ऑपरेशन झालेल्या लॅबला दिवसाला सुमारे १,४०० कॅलरी. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० लिहिलं असेल तर ३९० ग्रॅम होतात, पण त्यात पाव, पोई, बिस्किटं, आजीच्या ताटातलं सगळं मोजायचं. वाटीनं नको, वजनकाट्यावर. लॅब दिसतो उपाशीच. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळजवळ चौथाई लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांना पोट भरल्याचं कळत नाही. डोळ्यांकडे बघू नका, बरगड्या चाचपा. हलक्या हाताला लागल्या पाहिजेत.

बांगडा उकडून, काटे काढून दिला तर उत्तम. शिजवलेल्या कोंबडीची हाडं कधीच नाहीत, फुटून टोकं होतात. मनुका-बेदाणे मूत्रपिंड बंद पाडतात, म्हणजे नाताळचा केक खालच्या कपाटात नको. चॉकलेट, फेणी, बिनसाखरेच्या गोळ्यांतलं झायलिटॉल, सगळं बंद. खारे काजू मूठभर गेले तर एवढ्या तेलानं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आणि मे महिन्यात आंब्याची कोय! लॅब ती चघळत नाही, गिळतो. आतड्यात अडकली की पाणीही ओकतो, शी बंद होते, एक्स-रेत ती नीट दिसतही नाही. कोयी थेट झाकणाच्या बादलीत.

दूधसागरी

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. एकदा व्यायल्यानं मादीचं काही भलं होत नाही, हा समज आहे. उलट न काढलेल्या गर्भाशयात माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत पू होऊ शकतो (पायोमेट्रा): पाणी फार पिते, मागून घाण येते, कधी येतही नाही आणि मग जास्त वाईट. रात्रीत ऑपरेशन लागतं.

आणि व्यायला लावायची म्हणजे काय, तेही ऐका. गाभण काळ सुमारे ६३ दिवस. नर-मादी दोघांची आधी ब्रुसेलाची (मिलनातून पसरणारा, गाभ पाडणारा जंतू) तपासणी. लॅबला सहा-आठ पिल्लं सहज. अर्धा तास जोर लावून पिल्लू येत नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांवर वेळ जातो, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी येतं: तिन्हींत डॉक्टर आणि बहुधा सिझेरियन. मग आठ आठवडे आठ तोंडं, आठ जणांच्या लसी, आठ चांगली घरं. पिल्लं विकलीत तर २०१७ च्या नियमात तुम्हीही पैदास करणारेच, नोंदणी तुम्हालाही.

ऑपरेशन सहा महिन्यांचं झालं की उरकून टाका. तुमच्या फाटकाच्या त्या फटीबाहेर गावातले सहा नर बसलेले असतील.

खुटीवरचापट्टा

इथे माझं मत वेगळं. लहान जातींना सहा महिने ठीक. लॅबमध्ये सहा महिन्यांच्या आत नसबंदी केलेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार जास्त दिसले, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासात. हाडांची टोकं बंद व्हायला हार्मोन लागतात. मी वर्ष-सव्वा वर्ष थांबायला सांगतो, आणि मादीत माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. पण फटीचा मुद्दा खरा आहे. माज तीन आठवडे चालतो, आणि नर घेण्याची तयारी साधारण नवव्या दिवसानंतर, म्हणजे रक्त कमी झालं, "संपलं वाटतं" म्हणून लोक सोडतात नेमकं तेव्हा. तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही, बलकांवातही नाही, हे जमणार असेल तरच थांबा. नसेल जमत तर दूधसागरी म्हणतात तसं लवकर करा. नको असलेल्या आठ पिल्लांपेक्षा ते बरं.

नागझरी (फोंडा)

देव बरें करूं सगळ्यांचं. त्या माणसाला आई दाखवा म्हटलं. म्हणाला, फार्मवर आहे, इन्फेक्शनच्या भीतीनं बाहेरच्यांना येऊ देत नाही. यात तथ्य असू शकतं का? आणि पिल्लू कधी आणावं?

दूधसागरी

पहिल्या लसीआधी परक्यांना आत न घेणं हे चांगले लोकही करतात. पण ते मग थेट व्हिडिओ कॉल करतात. आईला पिल्लांजवळ बसवायला सांगा, तिचा कान उचलून दाखवायला सांगा, आज सकाळच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान शेजारी धरायला सांगा. आठव्या आठवड्यात प्रत्यक्ष भेट हवीच. हे दोन्ही नाकारलं तर इन्फेक्शन हे कारण नाही.

लस-पुस्तिकेत बाटलीवरचा स्टिकर, बॅच नंबर आणि डॉक्टरची सही नोंदणी क्रमांकासह पाहिजे. "आम्हीच टोचलं" याला लस म्हणत नाहीत. पिल्लाच्या हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. फुगलेलं टणक पोट म्हणजे जंत. नराचे दोन्ही अंड उतरलेत का, बेंबीशी गाठ आहे का, तेही बघा. घेतल्यापासून ४८ तासांत आपल्या डॉक्टरची तपासणी आणि दोष निघाल्यास पैसे परत, असं लिहून घ्या.

खुटीवरचापट्टा

चतुर्थीच्या फटाक्यांत आणि नरकासुराच्या रात्रीच्या आसपास नवं पिल्लू आणू नका. १४ आठवड्यांच्या आतली भीती जन्मभर पुरते. लसी ८, १२, १६ आठवड्यांना, रेबीज १२ नंतर. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे तीन महिन्यांनी. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवायचा नाही, पण कडेवर घेऊन बाजार, बस, छत्र्या, हेल्मेटवाले सगळं दाखवायचं, कारण शिकायचं वयही तेच. आधी कुणाचं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल अशा अंगणात वर्षभर नेऊ नका. फरशी असेल तर ब्लीच १ भाग, पाणी ३० भाग, दहा मिनिटं ठेवून धुवा. मातीला हे लागू पडत नाही.

नागझरी (फोंडा)

एकच शेवटचं. भिंतीला चुना मारला तर गोचीड जातात का? आई म्हणते, पूर्वी तेच करायचे.

खुटीवरचापट्टा

चुन्यानं गोचीड मरत नाही, भोक बुजतं. पातळ हाताचं बुजत नाही. आधी सिमेंटनं फटी भरा, मग चुना, आणि एप्रिल-मेमध्येच. जूनमध्ये मारलात तर वाळणार नाही आणि चतुर्थीला पुन्हा मारावा लागेल. कुत्रं दोन दिवस त्या भिंतीपासून लांब, ओला चुना चाटला तर जीभ पोळते.